'डिफॉल्ट'ला तुम्ही काय म्हणता? (सोबत ओव्हरराइड, एक्स्पोर्ट आणि मंडळी)

धागाकर्ता

नमस्कार. आमचा छोटा छापखाना आहे. दिवसभरातल्या प्रुफांच्या आणि बिलांच्या फायली रात्री अकरा वाजता एक स्क्रिप्ट (ओळीने लिहिलेल्या कमांडांची फाइल) उचलते आणि त्या त्या महिन्याच्या फोल्डरात नेऊन ठेवते. बॅशमधली (बॅश म्हणजे कमांडा वाचून चालवणारा एक शेल), जेमतेम चाळीस ओळींची, मीच लिहिलेली. मार्चअखेरीस हिशेबनीस म्हणाले, निम्मी बिलं सापडत नाहीत. बघतो तर मार्चची दोन फोल्डरं! एकाचं नाव देवनागरीत 'मार्च', दुसऱ्याचं तेच, पण रोमन अक्षरांत.

कारण कळायला दोन रात्री गेल्या. घाई असली की मी तीच स्क्रिप्ट दिवसा हाताने चालवायचो. माझ्या बॅशआरसी या सेटिंगच्या फाइलीत 'लँग' हे भाषा ठरवणारं चल (व्हेरिएबल) मराठीवर ठेवलेलं आहे, त्यामुळे 'डेट' ही कमांड महिन्याचं नाव मराठीत सांगायची. रात्री तीच स्क्रिप्ट क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) चालवतो. क्रॉन माझी बॅशआरसी वाचतच नाही, म्हणून त्याचा मार्च इंग्रजी.

दुरुस्ती झाली. मग माझ्या जागी बसणाऱ्या बाईंसाठी टिपण लिहायला घेतलं आणि पहिलंच वाक्य असं उतरलं (यातलं 'एलसी-ऑल' हे लँगसारखंच भाषेचं चल): "एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल एक्स्पोर्ट केलं नाही तर डिफॉल्ट लागू होतं, आणि एलसी-ऑल सेट असेल तर ते लँगला ओव्हरराइड करतं." बाई म्हणाल्या, "यात मराठी काय, 'तर' आणि 'आणि' एवढंच?" लाज वाटून वाक्य यंत्राकडून मराठी करून घेतलं. उत्तर आलं, "पर्यावरण चल निर्यात केले नाही तर…" बाईंनी विचारलं, "कुठल्या देशात?"

तर मंडळी, शब्द सुचवा. डिफॉल्ट, ओव्हरराइड, एन्व्हायरनमेंट, एक्स्पोर्ट. शब्दकोशातले नकोत, रात्री अकरा वाजता उपयोगी पडतील असे हवेत.

प्रतिसाद १

सरळ डिफॉल्ट लिहा आणि झोपा. टेबल, पंप, स्टेशन आपण पचवलंच ना? शिवाय एक व्यावहारिक अडचण आहे. पडद्यावर चूक इंग्रजीतच उमटते. 'कमांड नॉट फाउंड' दिसलं आणि कमांड संपताना मिळणारा आकडा (एक्झिट कोड) १२७ असला, तर कमांड सापडलीच नाही. १२६ असला तर सापडली, पण चालवता आली नाही, बहुतेक वेळा परवानगी नसते म्हणून. हे बाईंना ओळखता आलं पाहिजे. टिपणात एक शब्द आणि पडद्यावर दुसरा असला तर त्या बिचाऱ्या दोन भाषांच्या मध्ये लटकतील.

अवांतर: महिन्याचं नाव वापरताच कशाला? 'डेट'ला टक्का-एम (महिन्याचा आकडा) लिहा, ०३ येईल, भाषा कुठलीही असो. फोल्डरं ओळीतही लागतील.

प्रतिसाद २

वरच्यांचा पडद्याचा मुद्दा मान्य. म्हणून इंग्रजी शब्द काढू नका, पण त्याच्या शेजारी अर्थ सांगणारा मराठी शब्द हवाच. 'डिफॉल्ट' कानावर पडतो, पण त्यातून काही दिसत नाही.

प्रचलित प्रतिशब्द माझ्या मते तिन्ही फसलेले आहेत. 'पूर्वनिर्धारित' म्हणजे कुणीतरी आधी बसून ठरवलेलं. यात अर्थ आहे, पण हा शब्द उच्चारेपर्यंत स्क्रिप्ट संपते. 'मूलभूत' तर साफ चूक (आणि काही सॉफ्टवेअरांत तो 'मुलभूत' असा छापतात, ते आणखी वेगळं दुःख). मूलभूत हक्क कुणी काढून घेऊ शकत नाही, डिफॉल्ट मात्र कुणीही बदलावं यासाठीच असतं. 'गृहीत' त्यातल्या त्यात बरा.

या इंग्रजी शब्दाचं मूळ 'उणीव, कसूर' असं आहे. म्हणून बँकेचा डिफॉल्टर तो थकबाकीदार. संगणकातही तेच: कुणी काही सांगायचं होतं, सांगितलं नाही, म्हणून जे लागू होतं ते. आता आपण घरात काय म्हणतो पाहा. "पाहुणे आले तर पोळ्या, एरवी भात." हा 'एरवी' म्हणजे डिफॉल्टच की! ज्ञानेश्वरीत 'एऱ्हवीं' म्हणून पावलोपावली भेटतो, म्हणजे सातशे वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे हा शब्द तयार पडलेला आहे. "भाषा सांगितली तर ती, एरवी इंग्रजी." यात समजावण्यासारखं काही उरतच नाही.

प्रतिसाद ३

ताई, 'एरवी' आवडला, पण तो क्रियाविशेषण आहे. कॉन्फिगरेशनच्या फाइलीत नाम लागतं. "डिफॉल्ट काय आहे?" हे कसं विचारणार? "एरवी काय आहे?"

प्रतिसाद २, पुन्हा

हो, असंच विचारणार! "एरवी काय असतं?" हा अस्सल मराठी प्रश्न आहे. नामच हवं असेल तर 'एरवीचं मूल्य', 'एरवीची भाषा' म्हणा. प्रत्येक इंग्रजी नामाला नामानेच उत्तर दिलं पाहिजे हा आग्रहच परिभाषा अवघड करतो.

प्रतिसाद ४

ओव्हरराइडसाठी मी आधी 'अधिक्रमित करणे' लिहिणार होतो. आयुष्य सरकारी कागदांत गेलं. "यापूर्वीचा शासन निर्णय अधिक्रमित करून" हे बोटांत बसलेलं. पण विचार करता तो इथे चुकतो. अधिक्रमित झालेला निर्णय मेला. तुमच्या उदाहरणात एलसी-ऑल पुढे आलं म्हणून लँग मरत नाही. एलसी-ऑल काढून टाका, लँग पुन्हा बोलायला लागतं.

मग 'झाकणे' का नको? एलसी-ऑल लँगला झाकतं. तुम्ही छापखानावाले आहात. पुस्तकाची किंमत वाढली की जुन्या किमतीवर नवीन पट्टी चिकटवता. जुनी किंमत खाली तशीच असते, पट्टी खरवडली की दिसते. बाईंना हे एका वाक्यात कळेल. दिवस, महिने, तारखांपुरता क्रम असा: सर्वांत वर एलसी-ऑल, त्याखाली एलसी-टाइम, तळाला लँग. वरची पट्टी नसेल तेव्हाच खालची वाचली जाते.

बहुतेक साधनांतही उतरंड साधारण अशीच असते. कमांडच्या ओळीत लिहिलेलं सर्वांत वर, मग भोवतालचं चल, मग वापरणाऱ्याच्या घरातली फाइल, मग यंत्रभरासाठीची 'ईटीसी'तली फाइल, आणि कुणीच काही बोललं नाही तर ताई म्हणतात तसं एरवीचं. गिट (फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) तर कुठली पट्टी कुठून आली तेही सांगतं. कॉन्फिगच्या यादीसोबत 'शो-ओरिजिन' लिहा, प्रत्येक मूल्यापुढे फाइलीचं नाव येतं. सगळ्याच साधनांनी एवढी सभ्यता दाखवली असती तर!

प्रतिसाद ५

एन्व्हायरनमेंटला 'पर्यावरण' नकोच, झाडं डोळ्यांपुढे येतात. 'भोवताल' सुंदर आहे, पण तोही थोडा फसवतो. भोवताल सगळ्यांना सारखाच असतो: एका खोलीत दोघं बसले तर दोघांची हवा एक. इथे तसं नाही. प्रत्येक प्रक्रियेकडे (चालू असलेल्या प्रोग्रामकडे) स्वतःची वेगळी प्रत असते. जन्मदात्या प्रक्रियेने निघताना जे बांधून दिलं तेवढंच तिच्यापाशी.

मला यासाठी 'शिदोरी' सुचतो. शेलमध्ये नुसतं मूल्य लिहिलं तर ते स्वयंपाकघरात आहे. एक्स्पोर्ट केलं की शिदोरीत बांधलं. पोर घराबाहेर पडलं की त्याच्याकडे शिदोरीतलंच असणार, डब्यातलं नाही. आणि पोराने वाटेत शिदोरीत काही घातलं-काढलं तरी घरच्या डब्यात फरक पडत नाही. "स्क्रिप्टमध्ये पाथ (कमांडा शोधायच्या ठिकाणांची यादी) बदलला, पण स्क्रिप्ट संपल्यावर टर्मिनलमध्ये जुनाच कसा?" हा नवख्यांचा प्रश्न इथेच मिटतो. बदल घरातच हवा असेल तर पोराला बाहेर पाठवू नका, स्क्रिप्ट 'सोर्स' करा, म्हणजे ती चालू शेलमध्येच वाचली जाते.

क्रॉनचं कोडंही यातच सुटतं. क्रॉन तुमच्या घरातून निघतच नाही! त्याची शिदोरी म्हणजे मीठ-भाकर: होम, लॉगनेम, शेल, आणि पाथमध्ये जेमतेम दोन ठिकाणं. शेल म्हणूनही बॅश नाही, साधा 'एसएच'. तुम्ही बॅशआरसीत मांडलेली पंचपक्वान्नं त्याने पाहिलेलीच नाहीत. खरं तर बॅशआरसी ही समोर माणूस बसलेल्या शेलसाठी असते. हाताने चालवलेली स्क्रिप्टसुद्धा ती वाचत नाही, तुमच्या टर्मिनलने वाचून बांधून दिलेली शिदोरी फक्त घेऊन जाते.

'एन्व्ह मायनस-आय' लावून स्क्रिप्ट चालवा, म्हणजे शिदोरी रिकामी करून पाठवता येतं. क्रॉनमध्ये काय बिघडेल याचा अंदाज दिवसाढवळ्याच येतो. रात्री अकरापर्यंत जागायला नको.

अवांतर: बॅशआरसीतल्या त्या 'आरसी'बद्दल. १९६०च्या दशकात एमआयटीच्या सीटीएसएस या प्रणालीत लुई पूझाँ यांनी 'रनकॉम' नावाची सोय केली होती, फाइलीत लिहिलेल्या कमांडा ओळीने चालवणारी. 'आरसी' हे तिचंच शेपूट. 'शेल' हे नावही त्यांचंच. त्याचं 'कवच' हे भाषांतर मला पटतं. एकदा 'शिंपला' वाचलं होतं, आणि बॅश स्क्रिप्टला 'बॅश लिपी'. मोडीनंतर हीच.

प्रतिसाद १

शिदोरी बेस्ट. मी माझं 'झोपा' मागे घेतो. पण पाथला 'वाट' म्हणू नका. "पाथची वाट लागली" ही तक्रार आहे की तांत्रिक वर्णन, ते कळणार नाही.

प्रतिसाद ६

सगळे शब्दांत रमलात, मूळ कामाचं नाव कुणी घेतलंच नाही. ट्रबलशूटिंग! 'समस्यानिवारण' म्हटलं की तक्रारपेटी आठवते. माझे वडील लाइनमन होते. घरी निरोप यायचा, "फॉल्ट काढायला चला." फॉल्ट 'काढणे' या क्रियापदात शोधणं आणि दूर करणं दोन्ही आलं. काटा काढतात तसं. योगायोग असा की इंग्रजीतला ट्रबलशूटरही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तारायंत्र-टेलिफोनच्या तारांवरचा बिघाड शोधणारा माणूसच होता. आमचाच धंदा.

वडिलांची पद्धत तुमच्या स्क्रिप्टलाही लागू पडेल. लाइन लांब असेल तर ते मधोमध तोडून बघायचे, वीज इथपर्यंत येते का? येत असेल तर दोष पुढे, नसेल तर मागे. मग त्या अर्ध्याचा अर्धा. धागाकर्त्यांनी दोन रात्री घालवल्या, कारण (अंदाज करतो) ते स्क्रिप्टच्या चाळीस ओळी वाचत बसले. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीला 'प्रिंटएन्व्ह' (शिदोरीची यादी छापणारी कमांड) लिहून निकाल एका फाइलीत टाकला असता, एकदा हाताने आणि एकदा क्रॉनमधून, आणि दोन फायली शेजारी ठेवल्या असत्या, तर लँगची ओळ वेगळी दिसून पाच मिनिटांत फॉल्ट निघाला असता. तारेत बिघाड नव्हताच, वीजच दुसऱ्या डीपीवरून येत होती.

धागाकर्ता

क्रमांक ६, अंदाज तंतोतंत. ओळीच वाचत होतो, त्याही 'सेट मायनस-एक्स' लावून, म्हणजे प्रत्येक ओळ चालण्याआधी अधिकचं चिन्ह लावून पडद्यावर येते तशी. ते सगळं टर्मिनलमध्ये, जिथे बिघाड नव्हताच. वडिलांना नमस्कार सांगा.

टिपणाचं वाक्य आता असं झालंय: "क्रॉनच्या शिदोरीत (एन्व्हायरनमेंट) आपण भाषा बांधून दिली नाही (एक्स्पोर्ट) तर तो एरवीची (डिफॉल्ट) भाषा घेतो. एलसी-ऑल दिलेलं असेल तर ते लँगला झाकतं (ओव्हरराइड)." इंग्रजी शब्द कंसात ठेवले, क्रमांक १ यांच्या पडद्यासाठी. बाईंनी एकदा वाचलं आणि विचारलं, "मग शिदोरी स्क्रिप्टमध्येच का बांधून ठेवत नाही? कुणीही चालवली तरी तीच." आता एलसी-ऑलची ओळ स्क्रिप्टच्या डोक्यावरच आहे. हे मला सुचायला हवं होतं.

कॉन्फिगरेशनचं मात्र अडलंय. 'संरूपण' मुलांच्या रसायनशास्त्रात भेटतो, 'इलेक्ट्रॉन संरूपण'. शब्द नेमका आहे, पण बाई "संरूपण फाइल उघडा" म्हणतील असं वाटत नाही. तूर्त 'सेटिंगची फाइल' लिहिलंय.

आणि क्रमांक १ यांचं ऐकून टक्का-एम वापरायला गेलो, तर नवीनच. स्क्रिप्टमध्ये चालतं. मग एक छोटी कमांड थेट क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या यादीच्या) ओळीत लिहिली, त्यात तोच टक्का-एम, तर ओळ अर्ध्यातच तुटते.

प्रतिसाद १

क्रॉनटॅबमध्ये टक्क्याला वेगळा अर्थ आहे. नुसता टक्का दिसला की क्रॉन तिथे ओळ संपवतो आणि पुढचा मजकूर कमांडला इनपुट म्हणून भरवतो. टक्क्याच्या आधी उलटा तिरपा दंड द्या. म्हणजे तो टक्का एस्केप करा.

धागाकर्ता

चाललं! पण आता बाई विचारणार, एस्केप म्हणजे काय. टक्का पळून गेला असं लिहू का?

प्रतिसाद २

सोवळं नेसवलं म्हणा. क्रॉन त्याला शिवत नाही, आहे तसा आत जाऊ देतो.