फॉस्फेट न घालता केलेले कपड्यांचे लिक्विड थंडीत गढूळ होते आणि उन्हाळ्यात फाटते, काय चुकत असावे?

बचतगट_तासगाव

नमस्कार. आमचा महिला बचत गट दोन वर्षांपासून कपडे धुण्याचे लिक्विड तयार करून तासगाव, सांगली आणि साताऱ्यातील काही किराणा दुकानांत देतो. पाणी मऊ करण्यासाठी सुरुवातीला आम्ही एसटीपीपी, म्हणजे सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट, वापरत होतो. उन्हाळ्यात नदी उतरली की पाण्यावर जलपर्णी कशी पसरते हे आम्ही सगळ्याजणी पाहत आलो आहोत. आपल्या पिंपातून निघालेले फॉस्फेट सांडपाण्यातून त्याच नदीत जाऊन जलपर्णीचे खत होते, हे समजल्यावर गटाच्या बैठकीत ते एकमताने बंद केले. तो निर्णय आम्हाला मागे घ्यायचा नाही.

अडचण त्यानंतर सुरू झाली. सध्या १०० लिटरसाठी ९६ टक्क्यांची ॲसिड स्लरी (मळ काढणारे मुख्य आम्ल) ८ किलो, ते आम्ल मारण्यासाठी कॉस्टिक सोडा १ किलो, ७० टक्क्यांची एसएलईएस पेस्ट (मळ काढणारा, फेस देणारा दुसरा घटक) ४ किलो, एसटीपीपीच्या जागी सोडा ॲश (धुण्याचा सोडा) २ किलो, घट्टपणासाठी मीठ अडीच किलो आणि सर्वांत शेवटी सोडियम सायट्रेट अर्धा किलो, असे प्रमाण आहे. पाणी आमच्याच बोअरचे असून तपासणीत त्याचे काठिण्य ४५० मिलिग्रॅम प्रतिलिटर आले आहे.

डिसेंबरमध्ये साताऱ्याला पाठवलेल्या बाटल्या दुधासारख्या पांढऱ्या होऊन परत आल्या. उन्हात ठेवल्यावर वरचा भाग बराचसा निवळला, परंतु तळाशी बोटभर पांढरा साका तसाच राहिला. त्याआधी एप्रिलमधला माल पत्र्याच्या शेडमध्ये फाटला होता, वर घट्ट साय आणि खाली पाणी. शिवाय सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्या हमालांच्या घरून तक्रार आली की, सदऱ्यावरचा पिवळा डाग आमच्या लिक्विडने लालभडक झाला. फॉस्फेटला दुसरा कोणता पदार्थ पर्याय म्हणून घालावा, हे कृपया सांगावे.

कुपवाडचा_मिक्सर

ताई, तुमच्या बाटलीत एक नव्हे, दोन वेगळे दोष आहेत, आणि ते एकाच वेळी दिसत असल्यामुळे गोंधळ होतो आहे. उन्हात निवळणारा पांढरेपणा हा एक दोष आणि न निवळणारा साका हा दुसरा.

आधी साका तपासा. वरचे लिक्विड ओतून टाका आणि साका कपड्यावर गाळून आरओच्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा. हे धुणे टाळू नका, कारण लिक्विडमध्ये मुरलेला सोडाही फसफसतो आणि त्यामुळे निष्कर्ष चुकतो. मग त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बुडबुडे आले तर तो कॅल्शियम कार्बोनेट आहे, म्हणजे तुमच्या बोअरच्या पाण्यातला चुना सोडा ॲशने खाली आणला आहे. बुडबुडे न येता तो बोटांत साबणासारखा बुळबुळीत लागला, तर स्लरीचेच कॅल्शियमशी मीठ झालेले आहे. माझा अंदाज असा की, तुमच्याकडे दोन्ही निघतील.

फाटण्याचे कारण मात्र क्षारांचा एकूण भार हे आहे. तुम्ही मीठ अडीच किलो मोजता, पण लिक्विडच्या दृष्टीने सोडा ॲश, सायट्रेट आणि स्लरीतल्या मोकळ्या सल्फ्युरिक आम्लापासून कॉस्टिकमुळे तयार होणारे सोडियम सल्फेट हे सगळे मीठच आहे. एसएलईएसमध्ये मीठ घालत गेले की घट्टपणा एका टोकापर्यंत वाढतो, आणि ते टोक ओलांडले की तो झपाट्याने उतरतो, लिक्विड गढूळ होते आणि शेवटी फाटते. तुम्ही टोकाच्या पलीकडे गेला आहात. मीठ न घातलेल्या मालाचे पाव-पाव किलोचे सहा ग्लास भरा, त्यांत शून्यापासून प्रत्येकी अर्धा टक्का वाढवत मीठ घाला आणि एक रात्र ठेवा. सर्वांत घट्ट ग्लास कोणता ते सकाळी पाहा आणि कायमचे प्रमाण त्याच्या बरेच अलीकडे धरा. टोकावरचे प्रमाण शेडमध्ये किंवा थंडीत टिकत नाही.

थंडीतल्या पांढरेपणाचेही मूळ बरेचसे तिथेच आहे. स्लरीचे सोडियम मीठ थंड पाण्यात कमी विरघळते आणि इतर क्षार जितके जास्त तितके ते आणखी कमी विरघळते. त्यासाठी सोडियम झायलीन सल्फोनेट दीड-दोन टक्के घाला, त्याचे कामच विरघळवून धरण्याचे आहे. कॉस्टिकचा काही भाग कमी करून त्याऐवजी मोनोइथॅनॉलअमाईन हे दुसरे अल्कली वापरले तरी थंडीत फरक पडतो. सोडा ॲश मात्र लिक्विडमधून पूर्णपणे काढा. पावडरमध्ये तो शोभतो, लिक्विडमध्ये त्याचा जाच होतो.

कॉस्टिकविषयी एक सांगतो. ८ किलो स्लरीला हिशोबाने सुमारे ९५० ग्रॅम आणि मोकळ्या सल्फ्युरिक आम्लासाठी आणखी ६० ते १०० ग्रॅम कॉस्टिक लागते, त्यामुळे तुमचा १ किलोचा आकडा जवळपास बरोबर आहे. तरीही प्रत्येक नव्या ड्रमला पीएच मोजून शेवटचे १०० ग्रॅम थोडे थोडे घाला आणि ८ च्या आसपास थांबा. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकावे, कॉस्टिकवर पाणी ओतू नये, आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय कोणीही पिंपाजवळ उभे राहू नये. एसएलईएसची पेस्टही भरपूर पाण्यात थोडी थोडी सोडा. पेस्टवर पाणी ओतले की मध्येच जेलीसारख्या गाठी होतात आणि त्या तासन्‌तास फुटत नाहीत.

रसायनशिक्षक_कऱ्हाड

वरील उत्तर योग्य आहे. मला मूळ प्रश्नातील एका शब्दाविषयी बोलायचे आहे, तो शब्द म्हणजे "पर्याय". फॉस्फेटच्या जागी तेच काम तितकेच करणारा एखादा पदार्थ लिक्विडमध्ये घालता येईल, या अपेक्षेनेच बहुतेक प्रमाणे बिघडतात, असे माझे मत आहे.

प्रत्यक्ष हिशोब करून पाहू. शाळेच्या जुन्या पुस्तकांत ज्याला दुष्फेन पाणी म्हणत, तसे ४५० मिलिग्रॅम काठिण्याचे पाणी १० लिटरच्या बादलीत घेतले, तर त्यात सुमारे ४५ मिलिमोल कॅल्शियम-मॅग्नेशियम असते. सायट्रेटचा एक रेणू कॅल्शियमच्या एका आयनाला धरतो असे मानले, तरी त्यासाठी १३ ग्रॅमहून अधिक ट्रायसोडियम सायट्रेट लागेल. आता गृहिणी बादलीत २० मिलिलिटर लिक्विड टाकते आणि त्यात सायट्रेट २ टक्के आहे असे धरा. बादलीत पडले ०.४ ग्रॅम. म्हणजे गरजेच्या फक्त ३ टक्के. सायट्रेटचे प्रमाण दुप्पट-तिप्पट केले, तरी बादलीतले पाणी मऊ होणार नाही, मात्र बाटलीतले लिक्विड फाटेल.

मग फॉस्फेटमुक्त लिक्विड चालते कसे? पाणी मऊ करण्याचा हट्ट सोडून, कठीण पाण्यातही न फाटणारे मळ काढणारे घटक वाढवावे लागतात. स्लरी कॅल्शियमला लगेच बळी पडते. एसएलईएसमध्ये इथिलीन ऑक्साईडची साखळी असल्यामुळे ते बरेच सोसते, आणि इथिलीन ऑक्साईडच्या ७ किंवा ९ मोलच्या लॉरिल अल्कोहोल इथॉक्सिलेटवर विद्युतभारच नसल्याने कॅल्शियम त्याला धरून खाली ओढू शकत नाही. शिवाय हे दोन्ही घटक स्लरीच्या रेणूंबरोबर मिसळून एकत्र गोळे बांधतात, त्यामुळे स्लरीदेखील सहजासहजी साक्यात जात नाही. म्हणून स्लरी ८ वरून ५ किंवा साडेपाच किलोवर आणावी, एसएलईएस पेस्ट ५ किलो आणि इथॉक्सिलेट ३ किलो घ्यावे आणि तेथून पुढे आपल्या पाण्यावर चाचण्या कराव्यात, असे सुचवतो. कॉस्टिक अर्थातच त्याच प्रमाणात उतरेल. इथॉक्सिलेट असलेले लिक्विड ठरावीक तापमानाच्या वर गढूळ होते आणि क्षार वाढले की ते तापमान खाली येते, ही गोष्ट तुमच्या पत्र्याच्या शेडसाठी ध्यानात ठेवावी.

सायट्रेटची खरी जागा बादलीत नसून तुमच्या पिंपात आहे. १०० लिटर बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम सगळे स्लरीला चिकटले, तर सुमारे ३०० ग्रॅम साका बसू शकतो, आणि तेवढे कॅल्शियम धरायला हिशोबाने १३० ग्रॅमच्या आसपास सायट्रेट लागते. तुम्ही अर्धा किलो घालता, म्हणजे प्रमाण पुरेसे आहे, क्रम उलटा आहे. सायट्रेट आधी पाण्यात विरघळू द्या आणि मगच स्लरीला हात लावा. आरओ किंवा डीएमचे (क्षार काढलेले) पाणी मिळत असेल तर उत्तमच.

एसटीपीपी सोडल्याची हळहळ बाळगू नका. पाण्यात राहून ते हळूहळू पायरोफॉस्फेट आणि ऑर्थोफॉस्फेटमध्ये मोडते आणि पाणी मऊ करण्याची त्याची ताकद घटत जाते, त्यामुळे महिनोन्‌महिने दुकानात राहणाऱ्या बाटलीत ते मुळातच भरवशाचे नव्हते. युरोपीय संघाने ३० जून २०१३ पासून घरगुती कपड्यांच्या डिटर्जंटमध्ये एका ठरावीक धुण्याच्या मात्रेमागे फॉस्फरस ०.५ ग्रॅमपर्यंत मर्यादित केला आहे. आपल्या गटाने तो निर्णय स्वतःहून घेतला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

हळदीच्या डागाचे उत्तर तुमच्या सोडा ॲशमध्ये आहे. हळदीतले रंगद्रव्य कुर्कुमिन आम्लात पिवळे आणि अल्कलीत लाल दिसते, म्हणून प्रयोगशाळेत आम्ही मुलांकडून हळदीचा दर्शक कागद करून घेतो. सदरा खराब झालेला नाही. साध्या पाण्यात खळबळून लिंबाचे पाणी लावले की डाग पुन्हा पिवळा होईल, आणि ओलसर असतानाच कडक उन्हात वाळत घातला की पुष्कळसा उडेल, कारण कुर्कुमिन प्रकाशात टिकत नाही.

बचतगट_तासगाव

सर, दादा, आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्यामुळे केलेल्या कामाचा वृत्तान्त देणे हे माझे कर्तव्य आहे. साका धुऊन व्हिनेगर टाकले तेव्हा तो चांगलाच फसफसला, आणि फसफस थांबल्यावर वाटीच्या तळाशी बुळबुळीत पांढरा थर उरला. म्हणजे दोन्ही निघाले.

त्यानंतर २० लिटरचा नमुना केला. पाणी बोअरचेच घेतले, परंतु १०० ग्रॅम सायट्रेट आधी विरघळवले, स्लरी ११०० ग्रॅम, एसएलईएस १ किलो, इथॉक्सिलेट ६०० ग्रॅम आणि झायलीन सल्फोनेट ३०० ग्रॅम घेतले. सोडा ॲश घातला नाही. मिठाचे सहा ग्लास लावले, त्यांत दीड टक्क्याचा सर्वांत घट्ट होता आणि अडीचचा सकाळी फाटलेला होता, म्हणून आम्ही पाऊण टक्का ठरवला. पीएच ८.१ आहे. दोन बाटल्या आठ दिवस फ्रिजमध्ये ठेवल्या, त्यांपैकी एकीत हलकीशी धूसरता आली आणि ती बाहेर काढल्यावर तासाभरात गेली. साका नाही.

लिक्विड पूर्वीपेक्षा पातळ आहे आणि दुकानदार म्हणतात की पातळ माल गिऱ्हाईक हातात घेत नाही. आणखी एक शंका आहे. मागच्या पावसाळ्यात एका पिंपाला कुजका वास आला होता. टिकवण्यासाठी आम्ही क्लोरीन असलेले आयसोथायझोलिनोन घालतो, ते आता पुरेल का?

कुपवाडचा_मिक्सर

ताई, नमुना चांगला जमला आहे. आता दोन बाटल्या ४५ अंशांच्या ओव्हनमध्ये चार आठवडे ठेवा, ओव्हन नसेल तर मे महिन्यात त्याच पत्र्याच्या शेडमध्ये ठेवा, आणि तोपर्यंत मोठे पिंप भरू नका. घट्टपणासाठी मीठ वाढवू नका. पाऊण टक्क्यावरच राहा आणि दुकानदाराला पातळ लिक्विडने धुतलेला एक टॉवेल नेऊन दाखवा.

क्लोरीनचे आयसोथायझोलिनोन पीएच साडेआठच्या पुढे लवकर मोडते. तुमचा सोड्याचा माल त्याहून बराच अल्कलीयुक्त असणार, त्यामुळे त्या पिंपात ते टिकले नसावे. आता ८.१ वर ते चालेल, पण काठावर आहात. बेन्झआयसोथायझोलिनोन अल्कलीत अधिक टिकते, पुरवठादाराकडे ते मिळाले तर तेच घ्या. लिक्विड ४० अंशांखाली आल्यावरच ते मिसळा, आणि नवा माल भरण्यापूर्वी पिंपाचा नळ उघडून आतून ब्रशने घासा. मागच्या मालाचा थर त्या नळातच राहतो, आणि माझ्या पाहण्यात वासाची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच झाली आहे.