बलराम सुटला की नुसता मालकाच्या जागी जाऊन बसला?

वाचनवेडी_इंदूर:
अरविंद अडिगांची 'द व्हाइट टायगर' (2008 ची, बुकर मिळालेली) आमच्या सुदामानगरच्या वाचन ग्रुपमध्ये चालू आहे आणि मागच्या वेळी जोरात वाद झाला. बलराम हलवाई, गयेकडच्या खेड्यातल्या रिक्षावाल्याचा मुलगा, गुडगावात अशोकसाहेबांचा ड्रायव्हर. पुढाऱ्यांना पोचवायचे पैसे लाल बॅगेत आणि गाडी हाच चालवणार. शेवटी मालकाला मारतो, 7 लाख घेऊन बंगलोर गाठतो, टॅक्सीचा धंदा काढतो. अर्धा ग्रुप म्हणतो, गुलामीतून सुटला. मला नाही पटत, कारण तिथे जम बसवायला तो आधी पोलिसांचेच हात ओले करतो ना, मग सुटला कशातून? तुम्ही कसं वाचलंत सांगा, प्लीज नुसतं 'छान पुस्तक आहे' नको.

लोकमान्यनगर_काका:
ताई, माझ्या मते पुस्तकाचा जीव खुनात नाहीच, त्या कबुलीजबाबाच्या कागदात आहे. अशोकची बायको पिंकी मॅडम दारू पिऊन गाडी चालवतात, रस्त्यावर काहीतरी चिरडलं जातं आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरसमोर कागद येतो की गाडी मीच चालवत होतो, कर सही. साक्षीदार म्हणून त्याच्या आजीचं नाव! आणि मालक लोक हे सगळं प्रेमाने, तू घरचाच आहेस म्हणत करतात. मला ते मारहाणीपेक्षा भयंकर वाटलं. तक्रारच आली नाही म्हणून तो वाचला, नाहीतर गेला होता आत. यानंतर त्याच्याकडून कसली इमानदारी मागायची?

भंवरकुआं_भिया:
मला बापाच्या मरणाचं प्रकरण विसरता येत नाही. टीबी झालाय, सरकारी दवाखान्यात नेलंय आणि डॉक्टरच नाही, कारण नेमणूकच पैसे देऊन झालेली, पगारातला हिस्सा वर पोचतो आणि डॉक्टर आपली प्रायव्हेट प्रॅक्टिस करतो. लोक म्हणतात जास्तच रंगवलंय. भिया, आपण एमपीत राहतो! व्यापमचं, म्हणजे प्रवेश आणि भरती परीक्षांतल्या घोटाळ्याचं, प्रकरण 2013 मध्ये आपल्या इंदुरातच फुटलं ना, दुसऱ्याच्या नावावर मेडिकलचा पेपर द्यायला आलेली पोरं पकडली, 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने तपास सीबीआयला दिला. पैसे भरून डॉक्टर झालेला माणूस उद्या कोणाच्या बापाला तपासणार? पैसेवाल्यांच्या नाही, ते दुसरीकडे जातात.

दरबारी_वाचक:
याच्यासोबत श्रीलाल शुक्लांचं 'राग दरबारी' (1968) वाचाच. त्यात लंगड म्हणून एक जण आहे, तहसिलीतून एका कागदाची नक्कल हवी असते, लाच द्यायची नाही असं ठरवून बसलेला, बाबू पण म्हणतो मी घेणार नाही, काम कायद्यानेच होईल, आणि बिचारा चकरा मारत राहतो. बलराम लाच देऊन धंदेवाला होतो, लंगड न देऊन झिजतो. सरळ राहिलं की काय होतं हे शुक्लांनी 40 वर्षं आधीच दाखवलं होतं, त्यामुळे बलरामला नावं ठेवायच्या आधी मी तरी थांबते.

ड्रायव्हरचा_मुलगा:
माझे वडील सियागंजात एका शेटजींकडे गाडीवर होते, म्हणून लिहितोय. त्यांच्या गाडीतून पण पिशव्या जायच्या, त्यांना माहीत असायचं, त्यांनी हात नाही लावला. भीती होतीच, पण घरी आम्ही होतो. पुस्तकातही तेच कारण आहे की नोकर पळाला तर गावाकडे त्याच्या माणसांना मारतील, कोंबड्यांचं खुराडं म्हणतो तो त्याला. पण मग अडिगा काय करतात, आजी कुसुमला इतकी लोभी दाखवतात की घरच्यांचं काय होईल हे माहीत असून पळणारा बलराम वाचकाला माफ करणं सोपं जावं. इथे माझा आक्षेप आहे. गरीब घरातली ओढ लेखकाला दिसलीच नाही. कोलंबिया, ऑक्सफर्डला शिकलेल्या माणसाने ड्रायव्हरच्या तोंडून बोलू नये असं माझं म्हणणं नाही, पण आपल्याकडे बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) मधल्या गोष्टी वाचा, अपमान तिथेही आहे, चीडसुद्धा भयंकर आहे, पण ती आतून आलेली.

वाचनवेडी_इंदूर:
ड्रायव्हरचा_मुलगा, कुसुमबद्दल तुमचं म्हणणं ग्रुपमध्ये मांडणार, हा मुद्दा कोणीच काढला नव्हता. एक सांगा, बंगलोरला बलरामच्या गाडीखाली सायकलवरचा मुलगा जातो तेव्हा तो आपल्या ड्रायव्हरकडून कागदावर सही घेत नाही, स्वतः त्या घरी जातो, पैसे देतो, भावाला नोकरी देऊ करतो. अशोकच्या घरच्यांपेक्षा हे वेगळं नाही का?

ड्रायव्हरचा_मुलगा:
वेगळं आहे, आणि त्याच्या ड्रायव्हरसाठी तर खूपच वेगळं आहे, हे मान्य. पण केस त्याने पोलिसांना धरून आधीच मिटवलेली असते ना ताई. ड्रायव्हर वाचला, मालक वाचला, पोलीस पण खूश. त्या मुलाच्या आईला कोर्टाची पायरी मिळाली का? तिच्या हातात पाकीट आलं.