बोअरच्या पाण्यात दाढी: ब्रशचा फेस की ब्रशलेस क्रीम? सल्ला हवा

गोदाकाठ
सोसायटीत बोअरचं पाणी येतं, चांगलंच जड. ट्यूबमधलं फेसाचं क्रीम, डुकराच्या केसांचा ब्रश आणि दुधारी पात्याचा सेफ्टी रेझर वापरतो. फेस मिनिटभरात बसतो, गळ्यावर पातं अडखळतं आणि नंतर लाल पुळ्या येतात. दाढी रोज करावी लागते. ब्रशलेस क्रीमवर जावं का? अनुभवी लोकांनी नेमकं सांगा.

मेदाम्ल
आधी फेस का बसतो ते बघा. फेसाचं क्रीम म्हणजे मुळात साबणच. स्टीअरिक आम्ल आणि खोबरेलातली मेदाम्लं घेऊन मुख्यतः पोटॅशिअम हायड्रॉक्साइडने केलेला मऊ साबण, वर ग्लिसरीन. जड पाण्यातलं कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम या साबणाला धरतं आणि न विरघळणारा साका बनतो. बादलीच्या कडेला चढतो तोच. जेवढा साबण साक्यात गेला तेवढा फेसातून कमी झाला.

ब्रशलेस क्रीममध्ये साबण अगदी थोडा. ते पाण्यात घोटलेलं तेलकट मिश्रण असतं आणि त्याला फेस यावा अशी अपेक्षाच नाही, त्यामुळे जड पाणी त्याला फारसं छळत नाही. हा प्रकार नवाही नाही: अमेरिकेत बार्बासॉल 1919 पासून आणि बर्मा-शेव्ह 1925 पासून बिनब्रशचं विकलं गेलं.

पण केस मऊ करतं ते पाणी. क्रीम किंवा फेस ते पाणी केसावर टिकवून ठेवतो, एवढंच. खुंट नीट भिजायला दोन-तीन मिनिटं लागतात. ब्रश फिरवताना ती आपोआप मिळतात. ब्रशलेस घेतल्यावर लोक नेमकी तीच मिनिटं वाचवतात आणि मग दोष क्रीमला देतात.

पातंपारखी
क्रीम बदलण्याआधी पाणी बदलून बघा. आरओचं पाणी एक पेला, 150 ते 200 मिली, पुरतं. ब्रश त्यातच भिजवा आणि शेवटी चेहराही त्यातल्याच पाण्याने ओला करा. चेहऱ्यावर बोअरचं पाणी राहिलं तर साका तिथेच सुरू होतो. पाणी उकळून गाळल्यानेही थोडा फरक पडतो, पण उकळल्याने सगळा जडपणा जात नाही.

आता कृती. डुकराच्या केसांचा ब्रश कोमट पाण्यात तीन-चार मिनिटं बुडवून ठेवा. उकळतं पाणी नको, केस ठिसूळ होतात आणि मुळाशी लावलेला गोंद सुटतो. पाणी दोन-तीनदा झटका. बदामाएवढं क्रीम ब्रशच्या मध्यावर घ्या आणि गालावर गोल फिरवायला लागा. अर्ध्या मिनिटाने फक्त टोकं पाण्यात बुडवा, परत फिरवा. असं तीन-चार वेळा. बहुतेक जण इथेच चुकतात: पहिल्या फेरीत पांढरं भरपूर दिसलं की थांबतात. तो फेस कोरडा असतो, फुगलेला दिसतो पण त्यात पाणीच नसतं, म्हणून मिनिटात वाळतो. तुमचा फेस बसण्यामागे जड पाण्याइतकंच हेही असू शकेल. फेसाला चकाकी हवी आणि तो घोटलेल्या दह्यासारखा जड हवा. डोळ्यांना बुडबुडे दिसत असतील तर पाणी जास्त झालं, थोडं क्रीम वाढवा.

गोदाकाठ
धन्यवाद. आरओ आजच करून बघतो. पण प्रवासात ब्रश ओला राहतो आणि पावसाळ्यात वास मारतो. तेव्हा ब्रशलेस वापरायचं तर पद्धत काय?

मेदाम्ल
आधी साबणाने किंवा फेसवॉशने चेहरा धुवा. फेसाचं क्रीम स्वतः तेल काढतं, ब्रशलेस काढत नाही, आणि तेलकट केसात पाणी शिरायला वेळ लागतो. मग दोन-तीन मिनिटं कोमट पाणी मारत राहा आणि चेहरा पुसू नका. पाणी निथळत असतानाच हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढं क्रीम बोटांनी केसांच्या उलट दिशेने चोळा. थर इतका पातळ की खाली त्वचा दिसावी. कल्ल्यांची किंवा मिशीची कड धरायला हे फार सोयीचं, फेसाखाली रेघ दिसत नाही. जाड थराने घसरण वाढत नाही, फक्त पातं तुंबतं. दोन-तीन हातांनंतर रेझर गरम पाण्यात हलवून घ्या. गार पाण्यात ही चिकटाई निघत नाही. तीन किंवा पाच पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये तर ती पात्यांच्या मध्ये घट्ट बसते. तुमच्या दुधारी रेझरला हा त्रास कमी.

दाढीनंतर चेहराही कोमट पाण्याने नीट धुवा. मुरुमं येणाऱ्या त्वचेवर तो तेलकट थर राहू देऊ नये.

सुलटाहात
गळ्याच्या पुळ्या दोन्हीपैकी कशानेही एकट्याने जाणार नाहीत. गळ्यावर केसांची दिशा जागोजागी बदलते. कंठाच्या बाजूला कित्येकांचे केस आडवे वाढतात. एक दिवस दाढी न करता बोट फिरवून दिशा बघून घ्या. मग दोन आठवडे गळ्यावर फक्त सुलटा हात, उलटा अजिबात नाही, आणि त्वचा ताणायची नाही. ताणून कापलेला केस त्वचेखाली जातो आणि वाढताना आत वळतो. रेझरवर दाब नको, त्याचं वजन पुरतं. पातं चार-पाच दाढ्यांनंतर बदला.

पुळ्या लाल असेपर्यंत गळ्यावर ब्रश घासू नका. तिथे फेस हाताने लावा किंवा ब्रशलेसचा पातळ थर द्या, गालावर ब्रश चालू दे. शेवटी तुरटीचा ओला खडा हलकेच फिरवा, अर्ध्या मिनिटात धुवून टाका.

पातंपारखी
ब्रशच्या वासाबद्दल राहिलं. प्रवासाला सिंथेटिक केसांचा ब्रश घ्या. तो भिजवावा लागत नाही आणि लवकर वाळतो. वापरल्यावर साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा, पिळू नका, नुसता दाबून पाणी काढा आणि टॉवेलवर फिरवा. बंद डबीत ओला ठेवलात तर कोणताही ब्रश कुजका वास मारणारच. सिंथेटिकला क्रीमही कमी लागतं, बदामाच्या निम्म्याने सुरुवात करा.