नक्षलवाद नुसत्या गोळीनं संपला, म्हणे

वैनगंगाकाठ:

माओवाद्यांचा बडा नेता भूपती गडचिरोलीत शरण आल्यापासून एक पोस्ट फिरते आहे. काल आमच्या शाळेच्या ग्रुपवर ती पुन्हा आली आणि खाली टाळ्यांची रांग लागली. मजकूर थोडक्यात असा: चाळीस वर्षं चर्चा, विकास आणि मानवाधिकारांच्या गप्पा झाल्या, उपयोग शून्य. शेवटी गोळीच कामी आली. देशात जिथे जिथे बंड असेल तिथे हेच करा, मध्ये कोर्टकचेरी आणू नका. ग्रुपवर याला दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून इथे लिहितो.

बळाचा वाटा मोठा आहे, हे मी नाकारत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये गडचिरोलीतल्या मर्दिनटोल्याच्या जंगलात माओवादी नेता मिलिंद तेलतुंबडेसह पंचवीसहून जास्त नक्षली मारले गेले. २१ मे २०२५ ला छत्तीसगडच्या अबुझमाडमध्ये खुद्द माओवादी पक्षाचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला. ही कोंडी झाली नसती तर भूपती १५ ऑक्टोबरला ६० साथीदार घेऊन बाहेर आला नसता. पण तो चालत बाहेर आला. त्याची बायको तारक्का त्याच वर्षी १ जानेवारीला मुख्यमंत्र्यांसमोर शरण आली होती आणि जिवंत, सुरक्षित होती. हत्यार टाकलं तर मारणार नाहीत, हा भरवसा कुणीतरी वर्षानुवर्षं कमावला, म्हणून हे घडलं. पोस्टवाल्यांना तो भरवसा दिसतच नाही.

आणि बळ म्हणजे कुठलं बळ? २००५ साली इंद्रावतीपलीकडे, छत्तीसगडच्या बस्तरमध्ये, सलवा जुडूम ही सरकारच्या पाठिंब्याची नक्षलविरोधी मोहीम सुरू झाली. गावं उठवून माणसं रस्त्याकडेच्या छावण्यांत कोंबली, मिसरूड न फुटलेल्या पोरांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून बंदुका दिल्या. घरं जळाली. हजारो लोक तेव्हाच्या आंध्रात खम्ममकडे पळाले, आणि बरीच पोरं सूड म्हणून दलममध्ये, म्हणजे नक्षल्यांच्या सशस्त्र तुकडीत गेली. ६ एप्रिल २०१० ला ताडमेटल्याला एका सकाळी ७६ जवान मारले गेले, ते याच पट्ट्यात. ५ जुलै २०११ ला सुप्रीम कोर्टानं हा प्रकार घटनाबाह्य ठरवला. गोळीनंच बंड संपत असेल तर २००५ ते २०१० मध्ये ते वाढलं कसं?

आपल्याकडे सी-६०, म्हणजे गडचिरोली पोलिसांचं नक्षलविरोधी कमांडो पथक, वेगळ्या रीतीनं घडलं. १९९० मध्ये के. पी. रघुवंशी एसपी असताना ते उभं राहिलं, त्यात बरीच पोरं इथलीच, माडिया आणि गोंड. त्यांना भाषा येते, पायवाटा माहीत असतात, आणि चुकीच्या माणसाला गोळी लागली तर उद्या त्याच गावात सोयरिकीला जायचं असतं. हा धाक कुठल्याही नियमावलीपेक्षा मोठा. तरीही २०१८ ला कसनासूरची वादग्रस्त चकमक झाली, आणि त्यावर बोललं की देशद्रोही ठरतो. मी तरीही बोलणार.

खाकीघर:

बोला की. माझा सख्खा भाऊ सी-६०मध्ये आहे, त्यामुळे मीही बोलणार.

तुमच्या लेखात २००५ आहे, २०१० आहे, २०१८ आहे. २००९ कुठं गेलं? १ फेब्रुवारी, मरकेगाव, १५ पोलीस. मे महिन्यात हत्तीगोटा, १६, त्यात पाच महिला शिपाई. ८ ऑक्टोबर, लाहेरी, १७. एकाच वर्षात, एकाच जिल्ह्यात. आणि १ मे २०१९, महाराष्ट्रदिनी, जांभुळखेड्याला भूसुरुंगात १५ जवान आणि गाडीचा चालक. ही पोरंही इथलीच होती ना? त्यांच्या सोयरिकीचं काय?

भाऊ ऑपरेशनला गेला की आमच्या घरी टीव्ही बंद असतो. आई बातमी ऐकत नाही, फोनही उचलत नाही, मी उचलतो. कसनासूरनंतर जवान नाचतानाचा व्हिडिओ देशभर फिरला आणि तुमच्यासारख्यांनी त्यावर लेख लिहिले. नाचले, हो. जिवंत परत आले म्हणून नाचले. तुमच्या घरचं कुणी तसं परत आलंय का कधी?

कर्वेनगरकर:

खाकीघर यांना शंभर टक्के अनुमोदन. धागाकर्त्याचा सूर ओळखीचा आहे: आधी 'बळाचा वाटा मोठा', मग लगेच 'पण'. २००४ साली हैदराबादला यांच्याशी चर्चा झालीच होती. माओवादी नेते शहरात येऊन बसले, सभा घेतल्या, आणि जानेवारी २००५ पर्यंत सगळं फिसकटलं. तेवढ्यात त्यांनी संघटना बांधून घेतली. ग्रेहाउंड्सनं, म्हणजे आंध्र पोलिसांच्या नक्षलविरोधी कमांडोंनी, कंबरडं मोडलं तेव्हा कुठे आंध्र शांत झालं.

राजेहो:

आंध्र शांत झालं आणि सगळे इकडं आले ना भाऊ! तिकडं मार पडला तसे नेते दंडकारण्यात सरकले. तुमच्या ग्रेहाउंड्सचं बिल बस्तर आन् गडचिरोलीनं भरलं. नकाशा काढून पाहा एकदा. पुण्यात बसून काहून बोलून रायले?

कर्वेनगरकर:

पुण्यात राहतो म्हणून बोलायचा हक्क नाही? कर मीही भरतो. आणि शहरात बसून यांना वैचारिक रसद पुरवणारे आहेतच, त्यांचा बंदोबस्त जनसुरक्षा कायद्यानं होईल.

वैनगंगाकाठ:

धाग्यावर कायद्याची धमकी आली! कर्वेनगरकर, मी काय लिहिलंय ते तरी वाचा.

खाकीघर, तुमच्या आईबद्दल वाचून थांबलो होतो. लाहेरीच्या वेळी मी जिल्ह्यातच होतो, ती नावं मी विसरलेलो नाही. माझा प्रश्न भावाला नाही, त्याला आत पाठवणाऱ्यांना आहे. कसनासूरला आधी जंगलात आणि मग इंद्रावतीच्या पाण्यातून मृतदेह निघत राहिले, राजाराम खांदल्याची चकमक धरून आकडा ४० वर गेला. गट्टेपल्लीची पोरं लग्नाला म्हणून निघाली होती असं घरचे सांगत होते, पोलीस म्हणत होते नुकतीच भरती झालेली. कोण खरं? पत्रकार परिषदेत हे ठरत नसतं.

गुरुजी_एटापल्ली:

मूळ मुद्दा राहतोय. बळ बळ करताय, पण इथे शासन म्हणून आलं कोण? पोलीस आले. बाकी सगळ्या खात्यांनी गडचिरोलीला शिक्षेचं ठिकाण करून ठेवलं. तिकडे कुणी भानगड केली की पाठवा गडचिरोलीला. डॉक्टर रुजू होतो आणि दुसऱ्या दिवशी रजेवर जातो. ६ ऑगस्ट २००२ चा शासन निर्णय आहे, नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी. आम्ही त्या भरवशावर पावसाळ्यात चार-चार महिने जगाशी तुटून राहिलो. पुढे एकस्तरची वसुली काढली पगारातून! हायकोर्टात जा, वकील लावा, तारखा घ्या. माझ्या बायकोचं बाळंतपण नाल्याअलीकडे झालं, पूल नव्हता. तेव्हा कुठला विभाग आला? पोलिसांनाच रस्ता माहीत होता, तेच आले.

खाकीघर:

घ्या. गुरुजींनीच सांगितलं.

गुरुजी_एटापल्ली:

अर्धं वाचलंत. पूल असता तर पोलिसांची गरज पडली नसती.

खाकीघर:

आणि पूल का नव्हता? जांभुळखेड्याच्या स्फोटाआधी त्याच रात्री दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं कुणी जाळली? कंत्राटदार टेंडर भरायला तयार नव्हते. भरलं तर आधी जंगलात पाकीट पोचवायचं. तेंदूपत्त्यातही तेच. पहिल्यांदा पोलीस ठाणं, मग रस्ता, मग एसटी. गर्देवाड्याला एसटी १ जानेवारी २०२५ ला पोचली, स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा. हा क्रम उलटा करून दाखवा कुणीतरी.

राजेहो:

एसटीच्या मागं काय येते ते सांगा ना! आधी ठाणं, मग रस्ता, मग ट्रक. सुरजागडच्या डोंगरावर आमचा ठाकूरदेव आहे, जानेवारीत तिथं यात्रा भरते. आता लोहखनिजाच्या खाणीसाठी तो डोंगर पोखरला जातो आहे. आलापल्ली-आष्टी रस्त्यावर मोटारसायकल घालून दाखवा. दिवसभर लाल धूळ, रात्री ट्रक. माझा चुलतभाऊ त्याच रस्त्यावर गेला. नक्षल्यानं मारला असता तर शहीद झाला असता, पेपरात फोटो आला असता. ट्रकखाली आला म्हणून अपघात.

कर्वेनगरकर:

खाणीचा काय संबंध? विषय बंडखोरीचा आहे. पण निघालंच आहे तर ऐका: त्या खाणीमुळे हजारो स्थानिक पोरांना पगार मिळतोय. हाताला काम असलेला पोरगा दलममध्ये जात नाही.

राजेहो:

संबंध काहून नाही? ग्रामसभेनं ठराव केला, कुणी वाचला नाही. २०२३ मध्ये तोडगट्ट्याला लोक खाणींविरोधात महिनोन्महिने बसले होते, हातात संविधानाचं पुस्तक घेऊन. मंडप उठवला. माओवाद्यांची बंदूक नव्हती तिथं, म्हाताऱ्या बाया होत्या. आता मला सांगा, शांततेनं बसणाऱ्याचं कुणी ऐकलं नाही तर पुढच्या पोराला काय शिकवाल?

गुरुजी_एटापल्ली:

राजेहो, मंडपाच्या मागेही माओवादीच होते असं म्हणणारे गावातच भेटतात. मी दोन्ही ऐकलंय. पण पगाराचं कर्वेनगरकर म्हणतात ते खोटं नाही. माझे तीन विद्यार्थी तिथे आहेत, बापानं जन्मात पाहिला नाही एवढा पैसा घरी येतो. आणि त्याच घरातली आई मोहफुलं वेचायला जायची ती जागा कुंपणाच्या आत गेली. मला यात एक बाजू धरता येत नाही.

राजेहो:

गुरुजी, तुमची बदली होईल. आमची कुठं होणार? लेखामेंढा याच जिल्ह्यात आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत देवाजी तोफांच्या गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क घेतला, २०११ पासून बांबू स्वतः विकला. ना दलमची भीक, ना कंपनीची. ती वाट एटापल्लीला का बंद?

खाकीघर:

कारण एटापल्लीत तेव्हा ग्रामसभा घ्यायला सुद्धा दलमची परवानगी लागायची! निवडणुकीला उभं राहिलं तर मुंडकं. हे बोला.

भामरागडची_लेक:

मी सहसा लिहीत नाही. माझे काका पोलीस पाटील होते. रात्री उठवून नेलं, सकाळी रस्त्यावर सापडले, छातीवर चिठ्ठी, 'पोलीस का खबरी'. काका खबरी नव्हते. शिपाई आले की चहा द्यायचे, जंगलवाले आले की भात द्यायचे. कुणाला नाही म्हणायची सोय होती? कसनासूरच्या चकमकीनंतर जानेवारी २०१९ मध्ये त्याच गावचे तीन माणसं खबऱ्या म्हणून मारून टाकले. त्यांच्यासाठी मोर्चा कुठे निघाला? वैनगंगाकाठ, तुम्ही गट्टेपल्ली लिहिलंत, ते बरोबर. हे तिघंही लिहायला हवे होते.

पण खाकीघर, काका गेल्यावर आमच्याच घराची झडती झाली. कारण जंगलवाल्यांना भात दिला होता. माझ्या वडिलांना रात्रभर बसवून ठेवलं. आम्हाला दोघांचीही भीती वाटायची. आता एकाचीच वाटते, ही प्रगती म्हणा हवं तर.

खाकीघर:

ताई, झडतीचं वाचून वाईट वाटलं. सगळे तसे नसतात, एवढंच म्हणतो.

पूर्वांचलवाला:

नोकरीनिमित्त ऐजॉलला बरीच वर्षं काढली, म्हणून सांगतो. ५ मार्च १९६६ ला आपल्याच हवाई दलानं ऐजॉलवर बॉम्ब टाकले. पुढच्या वर्षापासून गावं उठवून रस्त्याकडेला वसवली, म्हणजे जुडूमचीच आधीची आवृत्ती. बंड मोडलं? वीस वर्षं चाललं. ३० जून १९८६ ला करार झाला, बंडाचा म्होरक्या लालडेंगा मुख्यमंत्री झाला, तेव्हा थांबलं. मिझोराम आज देशातल्या सर्वांत शांत राज्यांपैकी आहे. तिथली म्हातारी माणसं लालडेंगाला नावं ठेवतात, पण विमानांचा आवाज कुणी विसरलेलं नाही.

कर्वेनगरकर:

लालडेंगाच्या मिझो नॅशनल फ्रंटनं आधी वेगळा देश मागितला, पण शेवटी राज्यावर तडजोड केली, ते देता आलं. माओवाद्यांना राज्यघटनाच नको. त्यांना काय देणार, अर्धी घटना? तुलना चुकीची आहे.

वैनगंगाकाठ:

हा मुद्दा दमदार आहे, कर्वेनगरकर, आणि तुमच्याकडून आला याचं आश्चर्य वाटतं. पक्षाला देण्यासारखं काही नाही, खरंच. पण दलममधल्या सोळा वर्षांच्या माडिया पोरीला घटना नको असते का? तिला वनरक्षकाचा त्रास नको असतो आणि घरच्यांनी ठरवलेलं लग्न नको असतं. ती त्यासाठी गेली. तिला परत आणता येतं, आणलंयही. म्हणून म्हणतो, नेता आणि पोर यांच्यात फरक करणारं बळ चालतं. न करणारं नवे नक्षली तयार करतं. छत्तीसगडात सारकेगुड्याला जून २०१२ मध्ये १७ गावकरी मारले, सरकारनं त्यांना माओवादी म्हटलं. न्यायमूर्ती अग्रवाल आयोगाचा अहवाल २०१९ ला आला: माओवादी असल्याचा पुरावा नाही. सात वर्षं त्या गावानं काय ऐकून घेतलं असेल!

भामरागडची लेक, कसनासूरचे तिघंही त्याच हिशेबात धरतो. आता मागणी स्पष्ट लिहितो. चकमकींबद्दल सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल आहे, पीयूसीएल (नागरी हक्कांची संघटना) विरुद्ध महाराष्ट्र, म्हणजे आपल्याच राज्याचा खटला. प्रत्येक चकमकीचा स्वतंत्र तपास, दंडाधिकारी चौकशी, आणि घटनेनंतर लगेच बढती-शौर्य बक्षीस नाही. ते कसनासूरपासून पाळा आणि अहवाल माडियात वाचून दाखवा, त्या त्या गावात. नक्षलवाद संपला म्हणता ना? मग लपवायचं कारणही संपलं.

खाकीघर:

भाऊ म्हणतो, चौकशीला कुणी घाबरत नाही. घाबरतो ते दहा वर्षं चालणाऱ्या चौकशीला, बढती अडकून पडते. वेळेत संपवणार असाल तर करा. पण तीच अट दुसऱ्या बाजूलाही. भूपतीबरोबर जे ६० आले, त्यांतल्या कुणी लाहेरीला गोळी चालवली, कुणी पोलीस पाटलांना उठवून नेलं, हे पुनर्वसनाचा चेक देण्याआधी नोंदवून घ्या. माफी द्यायची तर द्या, पण कुणाला कशाची दिली ते ताईंच्या घरी जाऊन सांगा.

भामरागडची_लेक:

मला नाव कळलं तरी पुरे आहे. गावात तो समोरून आला तर काय करायचं, ते मी ठरवीन.

राजेहो:

चौकशी करा, नावं नोंदवा, सगळं करा. आन् त्याच ग्रामसभेत खाणीचा ठरावही पुन्हा ठेवा. लोक जमलेच आहेत तर.