३ एमएमच्या सुरीला चाक किती इंची? ६ इंचीवर भोक पाडून झालंय

डिचोलीकर_७१
नमस्कार मंडळी, मी डिचोलीचा, कामाला कुंडईला, आणि रविवारी घरामागच्या शेडमधे सुऱ्या बनवायचा नाद. आतापर्यंत सगळं फाइलनेच घासलं, आता २ बाय ७२ इंची पट्ट्याचा ग्राइंडर बनवतोय, फ्रेम वेल्डिंग करून झाली, मोटर घेतली, अडलंय ते कॉन्टॅक्ट व्हीलवर, म्हणजे ज्यावर पट्टा फिरतो आणि पातं टेकवून घासतात त्या चाकावर. पैसे एकाच चाकाचे आहेत. ६, ८, १०, १२, १४ अशी सगळी मिळतात आणि व्हिडिओवाले प्रत्येक जण वेगळं सांगतात.

विचारायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात एका मित्राच्या मशीनवर ६ इंची चाकावर होलो ग्राइंड, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजूंना खळगा असलेला उतार, मारून बघितला. इसवण (सुरमई) कापायची सुरी, ३ एमएम पट्टी, धारेला अर्धा एमएम ठेवायचा बेत. उतार वर वर न्यायला गेलो, २५ एमएमपर्यंत पाहिजे होता, आणि पाठीपर्यंत पोचायच्या आधीच पातं उजेडाकडे धरलं तर मधे टाचणीएवढा उजेड! पाठ जाड, धार जाग्यावर, आणि मधे भोक. मित्र म्हणतो हात जड पडला. खरंच हाताचं काम आहे की चाकाचं?

सुरीवेडा
डोळे मिटून ८ इंची घे. सगळे तेच वापरतात. हात बसला की होतं आपोआप.

टर्नर_काका
हात बसायचा प्रश्नच नाही रे बाबा, तुझा हात देवाचा असता तरी भोक पडलंच असतं. हिशोब सांगतो.

गोल चाकाने घासलं की उताराच्या मधोमध खळगा किती खोल पडणार ते ठरलेलं असतं. उताराची उंची गुणिले उंची, भागिले चाकाच्या व्यासाची चौपट. सगळं एमएममधे. तुझं बघ, २५ गुणिले २५ म्हणजे ६२५. चाक ६ इंची, म्हणजे १५० धर, चौपट ६००. खळगा १ एमएमहून थोडा जास्त, एका बाजूला. दोन्ही बाजूंना मिळून २ च्या वर गेलं. आणि तुझ्या पात्याची मधली जाडी, सपाट उतार मारला असता तर, ३ आणि अर्ध्याची सरासरी, पावणेदोन. पावणेदोनातून दोन कसे वजा करणार? उजेडच दिसणार.

८ इंचीवर खळगा ०.७८, म्हणजे मधे ०.२ शिल्लक. भोक नाही पडणार पण मासा कापताना पातं डब्याच्या पत्र्यासारखं वाकेल. १० इंचीवर मधे अर्धा एमएम राहतो, ऐकायला बरं वाटतं, पण तिथेही धारेच्या जरा वर त्याहून बारीक कंबर होते, ०.२ च्या आसपास. पातं तिथेच वळतं, कारण दाब तिथेच येतो.

म्हणून चाक आधी निवडायचं नाही, उतार किती उंच पाहिजे ते आधी ठरवायचं. धारेला अर्धा एमएम सोडून ३ एमएम पट्टीला कंबर न पडता जास्तीत जास्त उतार असा येतो: ६ इंचीवर १४ एमएम, ८ इंचीवर १६, १० इंचीवर १८, १४ इंचीवर २१. ४ एमएम पट्टी घेतलीस तर थोडी सूट, ८ इंचीवर साडेअठरा, १० इंचीवर २१. सूत्रच पाहिजे तर पाठ आणि धार यांच्या जाडीतला फरक, त्याचा अर्धा, गुणिले व्यास, आणि त्याचं वर्गमूळ. गणित नको असेल तर पुठ्ठ्यावर दोरी-खिळ्याने खऱ्या मापाची वर्तुळं काढ आणि मधे पात्याचा छेद आख, डोळ्यांनाच कळतं.

वाळपईचा_भाता
काकांचं बरोबर, पण मी म्हणतो इसवणीच्या सुरीला होलो कशाला? आमच्याकडे तीन पिढ्या लोहारकाम, आजोबा मोठ्या दगडी चाकावर कोयते घासायचे, चाक छातीएवढं, एक जण फिरवणार आणि एक जण धरणार. एवढ्या मोठ्या चाकावर खळगा जवळजवळ दिसतच नाही, उतार सपाटच म्हणायचा. आणि न्हाव्याचा वस्तरा उलटा, लहान लहान चाकांवर घासलेला, खळगा एवढा की नख लावलं की पातं टिंगटिंग करतं. दोन्ही बरोबर, काम वेगळं. वस्तऱ्याने नारळ फोडायला जाल तर काय होईल? तसंच कोयत्याला खळगा मारू नका, नारळाच्या पहिल्याच घावात धार चिरते, कोयत्याला पोट पाहिजे. आणि मासा, भाजी कापायच्या सुरीला प्लॅटनवर, म्हणजे पट्ट्यामागच्या सपाट पाटीवर, सपाट उतार बरा, कणा आणि धार दोन्ही नीट राहतात.

सुरीवेडा
बरं, माझं चुकलं, मी छोट्या सुऱ्याच करतो, १५-१६ एमएम उताराच्या, म्हणून ८ इंची चाललं 😄 पण काका, चाक मोठं झालं की पट्टा पण जोरात पळणार ना? पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून कडक केलेल्या, पात्यावर मग निळा रंग येणार.

टर्नर_काका
नाही. पट्ट्याचा वेग मोटरच्या शाफ्टवरचं ड्राइव्ह व्हील ठरवतं. ४ इंची ड्राइव्ह आणि २८८० आरपीएम म्हणजे सेकंदाला १५ मीटर, पुढे कॉन्टॅक्ट व्हील ६ चं असो की १४ चं. निळा रंग आला की तिथलं टेंपर, म्हणजे कडकपणा, उतरलं समज, ३०० डिग्रीच्या आसपास गेलं. फिकट पिवळ्याला थांबलास तर वाचलास. थ्री फेज मोटर असेल तर व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करायचं यंत्र, लाव, घरच्या सिंगल फेजवरच चालतो, आणि पाणी दिल्यानंतरचं घासकाम निम्म्या वेगाने, उघड्या बोटांनी. बोटाला चटका बसला की पाण्यात बुडव.

पण बेंच ग्राइंडरचं दगडी चाक हा वेगळा विषय, तिथे व्यास वाढला की कडेचा वेग वाढतोच. ८ इंची ग्राइंडरचं गार्ड काढून त्यावर १० इंची दगड चढवलेला मी पाहिलाय. २८८० ला तो सेकंदाला ३८ मीटरच्या वर जातो, साध्या दगडांची मर्यादा ३५ च्या आसपास. लेबलवर कमाल आरपीएम छापलेले असतात, ते वाचा. आणि नवा दगड लावायच्या आधी लाकडी दांड्याने हलकेच वाजवा, खणखणीत वाजला पाहिजे, बद्द आवाज आला की फेकून द्या.

शेड_नंबर_२
माझा एक अनुभव, पैसे वाचवायला १० इंची चाक प्लायवूडचं बनवून वर रबर चिकटवलं होतं. मे महिन्यात मस्त. जूनमधे पहिला आठवडाभर पाऊस लागला आणि चाक फुगलं, पट्टा ढबढब करायला लागला, पात्यावर लाटा. आपल्याकडच्या पावसात लाकूड नकोच, अ‍ॅल्युमिनियमचा हब आणि वर रबर. पट्टे पण शेडमधे लटकवून ठेवू नका, जोडाची टेप सुटते, मी पिठाच्या जुन्या डब्यात तांदळाची पुरचुंडी टाकून ठेवतो.

डिचोलीकर_७१
काका, काल रात्री पुठ्ठ्यावर वर्तुळं काढली. ६ इंचीचं काढलं आणि छेद आखला तर दोन्ही रेघा मधे एकमेकींना ओलांडून गेल्या, बायकोला पण दाखवलं, ती म्हणाली हे महिन्याआधी केलं असतंस तर पट्टी वाचली असती.

ठरलं असं, माशाच्या सुऱ्या प्लॅटनवर सपाट. शिकारीछाप छोट्या सुऱ्या ४ एमएम पट्टीत, २० एमएम उतार, त्यासाठी १० इंची चाक. १४ इंची परवडत नाही आणि शेडमधे मावतही नाही. बोटाच्या खाचेसाठी पाऊण इंची लहान चाक नंतर बघू. देव बरें करूं सगळ्यांचं.

टर्नर_काका
चाक आणलंस की पट्टा चढवायच्या आधी शाफ्टवर बसवून हाताने हळू फिरव आणि सोड. दर वेळी एकच बाजू खाली येऊन थांबत असेल तर ती जड, दुकानदाराला परत दे.


डिचोलीकर_७१
बरं काका. शुक्रवारी म्हापशाला जातोय, तेव्हा घेतो.