आवर्ती रचनेत पोलॅरिटॉनचे संघनन ऊर्जापट्टाच्या तळाशी न होता कडेला का होते?

प्रश्न

बोस-आइनस्टाइन संघननात कण सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेत गोळा होतात, असे आपण शिकतो. परंतु २००७ साली यामामोतो यांच्या गटाने मायक्रोकॅव्हिटीवर (दोन आरशांमध्ये प्रकाश कोंडणाऱ्या सूक्ष्म पोकळीवर) धातूच्या समांतर पट्ट्या बसवून एक्सायटॉन-पोलॅरिटॉनसाठी (अर्धवाहकातील इलेक्ट्रॉन-विवर जोडी, म्हणजे एक्सायटॉन, आणि फोटॉन यांच्या मिश्रणातून बनणाऱ्या कणांसाठी) एकमितीय आवर्ती रचना तयार केली, तेव्हा शेजारच्या संघनितांची कला (तरंगाचा टप्पा, फेज) समान असलेल्या अवस्थेबरोबरच ती परस्परविरुद्ध असलेली अवस्थाही आढळली. ही दुसरी अवस्था ब्रिलुएँ क्षेत्राच्या (आवर्ती रचनेतील संवेगाच्या मूलभूत पल्ल्याच्या) सीमेवरची, म्हणजे ऊर्जापट्टाच्या (अनुमत ऊर्जांच्या सलग पल्ल्याच्या) तळापेक्षा अधिक ऊर्जेची आहे. मग कण तिथे का थांबतात? आणि अशा स्थितीला लेसर न म्हणता संघनन का म्हणायचे?

प्रतिसाद १

पोलॅरिटॉनचे आयुष्य हे या प्रश्नाचे मूळ आहे. पोलॅरिटॉनमध्ये फोटॉनचा अंश असल्यामुळे तो काही पिकोसेकंदांत, चांगल्या नमुन्यात फार तर काही शे पिकोसेकंदांत, आरशातून निसटतो आणि पंपाच्या, म्हणजे बाहेरून ऊर्जा पुरवणाऱ्या, प्रकाशाने ती भरपाई सतत करावी लागते. पूर्ण समतोल गाठायला पुरेसा वेळच मिळत नसल्याने संघनन कुठे होईल हे केवळ ऊर्जेवरून ठरत नाही. ज्या अवस्थेत भर आणि गळती यांचे गणित सर्वांत आधी जुळते, ती अवस्था जिंकते. पट्टाच्या कडेला दोन स्थिर तरंग तयार होतात: एकाची शिखरे पट्ट्यांखाली येतात, दुसऱ्याची मोकळ्या जागेत. दोघांची गळती वेगळी असते आणि पंपाने भरलेल्या एक्सायटॉनच्या साठ्याशी त्यांचे आच्छादनही वेगळे असते. त्यामुळे कडेवरची अवस्था तळाच्या अवस्थेवर मात करू शकते.

हे प्रयोगात थेट दिसते, आणि या क्षेत्राचे मला सर्वांत मोठे आकर्षण तेच वाटते. निसटणारा फोटॉन पोलॅरिटॉनचा प्रतलातील संवेग जसाच्या तसा बाहेर नेतो. ३ मायक्रोमीटरचे आवर्तन आणि ७८० नॅनोमीटरची तरंगलांबी घेतली, तर क्षेत्राची सीमा सुमारे साडेसात अंशांवर येते. शेजाऱ्यांच्या कला विरुद्ध असतील, तर दोन्ही बाजूंना त्या कोनात उजळ ठिपके दिसतात आणि समोरच्या दिशेचा प्रकाश परस्परांना रद्द करून नाहीसा होतो.

प्रतिसाद २

वरील उत्तरात प्रभावी वस्तुमानाची (पट्टाच्या वक्रतेवरून ठरणाऱ्या, कण बलाला कसा प्रतिसाद देतो ते सांगणाऱ्या वस्तुमानाची) भर घालतो. पहिल्या पट्टाच्या वरच्या टोकाशी वक्रता उलटी असल्याने वस्तुमान ऋण होते. पोलॅरिटॉनमधले एक्सायटॉन एकमेकांना ढकलतात. एरवी या अपकर्षणाने संघनित पसरले असते, परंतु ऋण वस्तुमानामुळे ते उलट एकवटते आणि त्याची ऊर्जा वर सरकून निषिद्ध पट्टांतरात (दोन पट्टांमधल्या, अवस्था नसलेल्या ऊर्जांच्या पल्ल्यात) शिरते. यालाच गॅप सॉलिटॉन म्हणतात.

गळतीचा मुद्दा किती निर्णायक आहे, हे २०२२ च्या एका प्रयोगाने फार सुंदर दाखवले. त्यात आरशांच्या कॅव्हिटीऐवजी जाळीसारखे खाचे कोरलेला तरंगमार्ग वापरला होता. जाळीमुळे विरुद्ध दिशांनी जाणारे दोन तरंग जोडले जातात आणि त्यांतून तयार होणाऱ्या एका अवस्थेला सममितीमुळे पृष्ठभागाला लंब दिशेने प्रकाश सोडताच येत नाही. गळती जवळपास बंद झाल्याने पोलॅरिटॉन नेमके त्या ऋण वस्तुमानाच्या अवस्थेत संघनित झाले.

प्रश्नकर्ता

कडेचे कारण समजले, आभारी आहे. लेसरचा मुद्दा मात्र अजून स्पष्ट झालेला नाही.

प्रतिसाद १

नेहमीच्या लेसरमध्ये एक्सायटॉन आणि फोटॉन यांचे प्रबळ युग्मन (ज्यामुळे पोलॅरिटॉन बनतात ती घट्ट जोडणी) मोडलेले असते आणि प्रकाश कॅव्हिटीच्या मूळ फोटॉन-ऊर्जेवर येतो. पोलॅरिटॉनचे संघनन होताना युग्मन टिकते. घनता वाढवत नेली की परस्परक्रियेमुळे ऊर्जा हळूहळू वर सरकते, तरीही ती त्या मूळ ऊर्जेच्या खाली राहते. अनेक नमुन्यांत पंप आणखी वाढवल्यावर दुसरा उंबरठा येतो आणि तिथून पुढे साधा लेसर सुरू होतो. २००६ च्या कॅडमियम टेल्युराइडच्या प्रयोगात याशिवाय ऊर्जेचे वितरण सुमारे १९ केल्व्हिन तापमानाच्या बोस वितरणाशी (उष्मीय समतोलातील बोसॉन कणांच्या वितरणाशी) जुळले होते. पट्टाच्या कडेवरच्या संघनिताबाबत असा उष्मीय पुरावा अपेक्षित धरू नये. तिथे 'असमतोल संघनन' हीच संज्ञा योग्य ठरते, आणि युग्मन टिकले आहे की नाही हे पंप वाढवताना ऊर्जा कशी सरकते यावरून तपासावे लागते.