आयटीआय बंद करून पोरांना थेट कंपनीत लावायचं?

जुना फिटर: काल इथे एकाने लिहिलं, "आयटीआयत दोन वर्षं कानस घासण्यापेक्षा पोराला थेट कंपनीत लावा, सहा महिन्यांत तयार होईल." डोकं फिरलं वाचून. कंपनीत काय शिकतो? एक मशीन, एक जॉब, दोन बटणं. ते मॉडेल बंद पडलं की पोरगा घरी. कानस मारून लोखंडाच्या तुकड्याला काटकोनाचा गुण्या लावायचा, उजेडाकडे धरून फट दिसते का बघायची, व्हर्नियर मापकावर ०.०२ मिमीपर्यंत वाचायचं, हे लाईनवर कोण शिकवतं?

चाकणकर: काल मीच लिहिलं होतं. आमच्या आयटीआयत निम्मी लेथ मशीन बंद, वेल्डिंगवाल्यांना रॉड मोजून आणि सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, फक्त फळ्यावर. आज सेटर आहे, मशीन जुळवून देतो, तो कंपनीतल्या जुन्या कामगार मामांनी शिकवलं म्हणून.

जुना फिटर: मग मशीन दुरुस्त करा म्हणा. संस्थाच कशाला बंद करता?

वाळूजची ताई: ॲप्रेंटिसशिपबद्दल, कंपनीत शिकाऊ म्हणून काढायच्या काळाबद्दल, कुणीच बोलत नाही. माझा मुलगा इलेक्ट्रिशियन. ॲप्रेंटिस होता तेव्हा वर्षभर एकदाही विजेचं पॅनेल उघडू दिलं नाही, पेट्या उचलल्या. वर्ष संपलं, त्याच्या जागी नवी बॅच.

चाकणकर: ताई, १९६१च्या ॲप्रेंटिस कायद्यात शिकाऊ उमेदवाराला नोकरी देण्याचं सरसकट बंधन कंपनीवर नाही, भरतीचं धोरण कंपनीच ठरवते.

वाळूजची ताई: नोकरीचं नाही, शिकवण्याचं तर आहे ना? ३० किंवा जास्त माणसं असली की २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. म्हणून घेतात आणि हेल्पर करून राबवतात!

एचआरवाला: सरसकट आरोप नकोत. पाचशे रुपये जास्त मिळाले की पोरं मध्येच सोडून जातात. शिकवण्यात गेलेला वेळ कोण भरून देणार?

वाळूजची ताई: स्टायपेंडमध्ये खोलीभाडं आणि मेस भागवून दाखवा, मग पाचशेचं बोला.

सातारकर: सरकार तरी काय वेगळं करतं? २०२४च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआयवाल्याला महिना ८,०००. माझा भाऊ वायरमन, त्याला कार्यालयात झेरॉक्स काढायला बसवलं.

एचआरवाला: पेट्या उचलायला लावणं चूकच, तेवढं मान्य. पण सगळ्या कंपन्या तशा नाहीत.

चाकणकर: फिटरसाहेब, लाईन बदलली तेव्हा थेट भरतीवाल्यांना ड्रॉइंग वाचता येईना. मला येत होतं, ते आयटीआयतलंच. एवढंच मानतो. बंद लेथचं उत्तर द्या.

जुना फिटर: आयटीआयच्या संस्था व्यवस्थापन समितीत उद्योगातली माणसं असतात. तुमच्या आयटीआयच्या समितीत कोण आहे ते काढा, लेखी द्या. मी सही करतो.

वाळूजची ताई: त्याच अर्जात ॲप्रेंटिसला पॅनेलवर हात मारू द्या, हेही लिहा. नाहीतर माझी सही नाही.